रिकाम्या जात्याचा सप्पळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बैलहोंगलहून परत येत होतो. बेळगावात शिरल्यावर सिग्नलला गाडी थांबवली, गिअर न्यूट्रलला घेतला, क्लचवरचा पाय काढला आणि रुमालानं चष्मा पुसायला लागलो. मागच्या सीटवरून अव्वांनी विचारलं, "इदेन सप्पळ री?"

मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. शेजारी एक ट्रक गुरगुरत उभा होता. म्हटलं, "ट्रकचा आवाज आहे अव्वा."

त्या काही बोलल्या नाहीत. सिग्नल सुटला, आम्ही घरी आलो, चहा झाला, विषय संपला असं मला वाटलं.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७८. माहेर आणि सासर दोन्ही बैलहोंगल तालुक्यातलं, बोली कानडी. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. आमच्या लग्नाला आता ३४ वर्षं झाली. घरात दोन्ही भाषा नांदतात. हिशेब मराठीत होतो, देवपूजा कानडीत. पोरांना रागावायचं असलं की सौ. कानडीत रागावते आणि समजूत मी मराठीत घालतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असंच असणार, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही.

गाडी आमची २००८ सालची. लहान, पांढरी, पाच गिअरांची. पंधरा वर्षं भरली तेव्हा २०२३ मध्ये तपासणी करून पुन्हा नोंदणी करून घेतली. मुलगा म्हणतो, "बाबा, आता विका." मी म्हणतो, "चालते आहे ना?" शाळेत तीस वर्षं नोकरी करून घेतलेली पहिली आणि बहुधा शेवटची गाडी. तिच्यावर जीव असणं साहजिक आहे.

पुढच्या आठवड्यात देवळात जाताना पुन्हा तेच. रेल्वे फाटकाशी थांबलो आणि मागून, "सप्पळ बराकत्तैती." या वेळी सौ.सुद्धा म्हणाली, "हो, काहीतरी खरखरतंय खरं." मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, बॉनेटकडे कान नेला. इंजिन नेहमीसारखं चालू होतं. मला तरी काही वेगळं वाटलं नाही.

तरी एका गॅरेजात नेली. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "आवाज येतो म्हणतात." त्यानं विचारलं, "कुठून?" मी म्हटलं, "पुढून असावा." तो गाडीत बसला, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "क्लच गेलाय सर. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट बदलायला लागेल." गाडीचं वय पाहता मला ते पटलं. दोन दिवस गाडी तिथं होती. मजुरीसकट ८,४०० रुपये दिले. क्लच खरंच हलका झाला. मी खुशीत सगळ्यांना किल्ला तलावापर्यंत फिरवून आणलं.

परत येताना दारात गाडी उभी केली. इंजिन बंद करण्याआधी मी अव्वांना ऐटीत विचारलं, "आता आहे का सप्पळ?"

त्यांनी क्षणभर ऐकलं. "ऐती री," म्हणाल्या. आहे.

इथं माझं चुकलं. ते लिहायचं म्हणूनच हा लेख लिहितो आहे, नाहीतर गाडीच्या दुरुस्तीत वाचकांना काय गोडी! मी सौ.कडे वळून मराठीत म्हणालो, "वय झालं की कानात असे आवाज होतात. गाडीत काही नाही, यांच्या कानात आहे." आणि हसलो. आपण दोन भाषांच्या घरात राहणारी माणसं ही एक वाईट खोड करतो. समोरच्याला टाळून बोलायचं असलं की पटकन भाषा बदलतो. अव्वांना मराठी कळत नाही असं थोडंच आहे? माझी आई होती तोवर दोघी तासन्‌तास मराठीत बोलत बसायच्या.

अव्वा काही न बोलता उतरल्या. त्यानंतर महिनाभर त्या गाडीत बसल्या, पण सप्पळ हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. मला वाटलं, आवाज गेला.

मग आली आमच्या लेकीची वेळ. ती गोव्यात म्हापशाला असते. सातवा महिना लागला होता. दोहाळजेवण म्हणा, कुबस म्हणा, ते आमच्याकडे करायचं आणि बाळंतपणापर्यंत तिनं इथंच राहायचं, असं ठरलं. मी म्हटलं, मी स्वतः जाऊन घेऊन येतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी. तो रस्ता माझ्या पायाखालचा. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर सौ. हळूच म्हणाली, "अव्वा म्हणतेय, पोरीला त्या गाडीतून आणू नका."

मला राग आला. मी म्हटलं, "का?"

"मी विचारलं तर म्हणाली, मी बोलून काय उपयोग? माझ्या कानात आहे म्हणे ते."

रात्री झोप लागली नाही. घाट डोळ्यासमोर येत होता. वळणं, धुकं, दुसऱ्या गिअरवर रेटत नेलेली गाडी, कणकुंबीच्या पुढं मोबाईलची रेंज येते-जाते, आणि शेजारी सात महिन्यांची गरोदर पोर. सकाळी उठून जावयांना फोन केला, दोन दिवस थांबा म्हटलं, आणि गाडी घेऊन उद्यमबागेकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. तिथं पाटी नाही, काउंटर नाही. चिंचेखाली एक पत्र्याची शेड, बाहेर दोन जीप आणि एक ट्रॅक्टर.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. हात पुसत आले आणि एकामागून एक प्रश्न विचारायला लागले. "आवाज कधी येऊलाय वो सर? उभी असताना की चालताना? थंड असताना की गरम झाल्यावर? क्लच दाबल्यावर वाढतो की जातो? वळताना येतो का? गिअर बदलला की बदलतो का?"

मी एकाचंही उत्तर देऊ शकलो नाही. खरं कारण त्यांना सांगायची लाज वाटत होती. शेवटी म्हटलं, "मला ऐकूच आला नाही. सासूबाईंना येतो."

"मग त्यांना आणा की वो," मिस्त्री म्हणाले. "मी आवाज कुठं आहे ते शेवटी बघतो. आधी तो कधी येतो आणि कधी जातो ते पाहिजे. ज्यानं ऐकलंय त्यालाच ते ठाऊक."

घरी जाऊन अव्वांना म्हटलं, चला. त्या आधी नको म्हणाल्या. सौ.नं समजावलं तेव्हा पदर सावरून निघाल्या. शेडमध्ये त्यांना खुर्ची दिली. मिस्त्रींनी चाकाला दगड लावला, हँडब्रेक ओढला, इंजिन चालू केलं, आणि म्हणाले, "अज्जी, नीव हेळ्री."

अव्वा म्हणाल्या, "खाली बीसुकल्ल तिरुगिदंग आगतैती." रिकामं जातं फिरवल्यासारखं होतंय.

मिस्त्रींनी क्लच दाबला. अव्वांनी हात वर केला. "ईग निंतु." आता थांबला. मिस्त्रींनी पाय काढला. "बंतु." आला. पुन्हा दाबला, पुन्हा थांबला. चार वेळा केलं, चारही वेळा अव्वांचा हात बरोबर वर झाला. त्या बसल्या होत्या तिथून त्यांना मिस्त्रींचा पाय दिसत नव्हता.

मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, माझ्याकडे न बघता. लहानपणी रोज पहाटे त्या जोंधळे दळायच्या. जात्यात दाणा असला की आवाज जाड, भरदार येतो. घास संपला, वैरण टाकायला उशीर झाला, की दगडावर दगड घासतो आणि आवाज बारीक, कोरडा होतो. त्यांची आई आत चुलीपाशी असायची, तिथूनच ओरडायची, रिकामं फिरवू नको, पिठात खडे उतरतील. जात्यावर दळताना बायका गातात, मराठीत ओव्या आणि कानडीत त्रिपदीतली पदं, हे आपण सगळे जाणतो. पण गाता गाता कान दाण्याकडेही असायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

मिस्त्री खूश झाले. म्हणाले, "गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. तेल बघूया आधी."

आता हे मिस्त्रींना कसं कळलं, ते वाचकांच्या उपयोगाचं आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. त्यांनी मला सांगितलं तेच माझ्या शब्दांत.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. क्लचवर पाय नसतो तेव्हा इंजिनाचं फिरणं क्लच प्लेटमधून गिअरबॉक्सच्या पहिल्या शाफ्टला मिळतं. गाडी न्यूट्रलला उभी असली तरी हा शाफ्ट फिरतच असतो, चाकांपर्यंत काही पोचत नाही इतकंच. क्लच दाबला की इंजिन आणि शाफ्ट वेगळे होतात. इंजिन चालू राहतं, शाफ्ट एखाद्या क्षणात थांबतो. म्हणजे तुमच्या डाव्या पायाखाली आवाज शोधायची किल्ली आहे.

सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलला ठेवा, इंजिन चालू करा. बंद शेडमध्ये हे करू नका. धुरातला विषारी वायू दिसतही नाही आणि वासही येत नाही. आता पाय क्लचवरून पूर्ण काढा आणि ऐका. मग क्लच पूर्ण दाबा आणि ऐका.

पाय काढलेला असताना आवाज आहे आणि दाबल्यावर जातो, तर दोष थांबणाऱ्या भागात, म्हणजे गिअरबॉक्सच्या आत. बहुतेक वेळा शाफ्टचं बेअरिंग, आणि त्यामागं बहुतेक वेळा तेलाची कमतरता. उलट, पाय काढलेला असताना शांत आहे आणि दाबल्यावर खरखर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग. बहुतेक गाड्यांत पेडल दाबल्यावरच त्याच्यावर भार येतो. हे क्लच सेटबरोबर बदललं जातं. आमच्या बाबतीत हा आवाज नव्हताच, म्हणून ८,४०० रुपये घालूनही अव्वांचं जातं फिरतच राहिलं. तिसरी गोष्ट, क्लच दाबा की सोडा, आवाजात काहीच फरक नाही, तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका. इंजिनाच्या बाजूला पट्टा, अल्टरनेटर, पाण्याचा पंप यांपैकी काही असू शकतं.

ही परीक्षा गाडी उभी असतानाच करायची. चालत्या गाडीत गिअरमध्ये असताना क्लच दाबला तरी चाकं तो शाफ्ट मागून फिरवत राहतात, त्यामुळे उत्तर चुकतं.

गाडी चालतानाच आवाज येत असेल तर प्रश्न दुसरा विचारायचा. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर? मोकळ्या सपाट रस्त्यावर तोच वेग ठेवून चौथ्याचा पाचवा करा. फेरे कमी झाले, वेग तोच राहिला. आवाज तसाच राहिला तर चाकाकडे बघा. टायर किंवा चाकाचं बेअरिंग. चाकाच्या बेअरिंगची गुणगुण वेगाबरोबर चढत जाते. गाडी उजवीकडे वळताना वाढली तर बहुधा डाव्या चाकाचं, कारण वळताना भार बाहेरच्या बाजूला जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट असा आवाज आला तर पुढच्या ॲक्सलचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलंय का बघा. ग्रीस निघून जातं आणि धूळ आत जाते. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्याच गिअरची जोडी झिजलेली. एकाच गिअरला टाकताना कर्र होत असेल तर त्याची सिंक्रो रिंग. रिव्हर्स टाकताना मात्र कर्र झालं म्हणून घाबरू नका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसते. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून टाकला की आवाज होत नाही.

आणि सगळ्यात आधी डिकी रिकामी करा. मिस्त्रींनी सांगितलं की आवाज म्हणून आलेल्या गाड्यांत जॅक सुटलेला, पाना लोळणारा किंवा नारळ गडगडणारा, असंही पुष्कळदा निघतं.

तर मिस्त्रींनी गाडी वर घेतली, गिअरबॉक्सच्या बाजूचा तेलाचा बोल्ट काढला. तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. त्यांनी बोट घातलं, बोट कोरडं आलं. खालून तेल काढलं तर जेमतेम अर्धं. काळं झालेलं. खालच्या चुंबकावर राखाडी गाळ होता. तो म्हणे थोडाफार सगळ्याच गाड्यांत असतो, भुकटी चालते. पण त्यात चमकणाऱ्या कपच्याही होत्या. मिस्त्रींनी एक चिमटीत धरून मला दाखवली. "हे बघा. पिठात खडे."

डाव्या ॲक्सलपाशी सील गळत होतं. किती वर्षं, कोण जाणे. इंजिनाचं तेल मी दर वर्षी न चुकता बदलतो, तारीख वहीत लिहितो. गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं हे मला ठाऊक होतं, पण पंधरा-सोळा वर्षांत ते एकदाही तपासलं नव्हतं. क्लचचं काम करताना गिअरबॉक्स खाली उतरवलेला असतो. तेव्हा तो शाफ्ट हातानं फिरवून बघितला असता तर खडबड लागली असती, आणि सीलही तेव्हाच बदलून झालं असतं. पण त्या गॅरेजला तरी सगळा दोष कसा देऊ? मी त्यांना सांगितलं काय? "आवाज येतो म्हणतात." ज्यांनी ऐकला त्या अव्वांना मी घरी ठेवून गेलो होतो.

मी विचारलं, "असाच घाटात गेलो असतो तर?"

मिस्त्री म्हणाले, "गेलाही असता वो सर. कदाचित परतही आला असता. पण बेअरिंग फुटून तुकडे गिअरांत अडकले तर गिअरबॉक्स जाम होतो. तो कुठल्या वळणावर होईल ते कोण सांगणार?"

मी गप्प झालो. गाडी उतरवून पुन्हा चालू करायच्या आधी मिस्त्रींनी थोडं नवं तेल भरलं आणि मला बोलावलं. एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक गिअरबॉक्सच्या अंगावर टेकवलं आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावली. "पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवा," म्हणाले. आणि मला ऐकू आला. अगदी स्पष्ट. कोरडा, बारीक, दगडावर दगड घासल्यासारखा. क्लच दाबला, गेला. सोडला, आला.

मी स्क्रू ड्रायव्हर बाजूला केला. पुन्हा काही नाही.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. शेडमधल्या पोऱ्याकडे बघितलं. "तुला येऊलाय काय रे?" पोऱ्या म्हणाला, "येऊलाय की. मघापास्नं." मग मिस्त्री जरा हळू आवाजात म्हणाले, "सर, तुम्हाला इथून ऐकायला येत नाही?"

अव्वा खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि पदराशी चाळा करत राहिल्या. मला टोमणा मारायची संधी त्यांच्यासमोर आयती आली होती. त्यांनी ती घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी दाबत गेलो, पुढं पुढं दाबायला काही येईचना. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. डावीकडे रेघ बऱ्यापैकी वर आणि उजवीकडे उतार, आमच्या घाटासारखा. वयानं आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज जातात, जाड आवाज राहतात, असं ते म्हणाले. म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. 'स', 'श', 'फ' अशी अक्षरं आधी निसटतात. शब्द झाला हे कळतं, कुठला झाला ते कळत नाही. दोन वर्षं टीव्हीच्या आवाजावरून घरात कटकट का होती, ते मला त्या कागदावर दिसलं. सौ.नं कागद बघितला आणि म्हणाली, "मी किती वेळा सांगितलं!" तिनं सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, तू पुटपुटतेस.

गाडीच्या आवाजाची निदानं मी तोंडपाठ केली आहेत आता. पण गॅरेजमध्ये शिकलो ती गोष्ट आणखी साधी आहे. आवाज ऐकू आला नाही तर तो नाही असं होत नाही. दुसऱ्याला येत असेल तर निदान त्याला विचारावं, कधी येतो आणि कधी जातो. त्याला म्हातारा, म्हातारी, पोर, बाईमाणूस म्हणून गप्प बसवू नये. गाडी चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर असतं. मागं बसणाऱ्याला ऐकायला वेळ असतो.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. बेअरिंग, दोन्ही सीलं, नवं तेल, मजुरी धरून ६,२०० रुपये. बेअरिंग काढल्यावर मिस्त्रींनी ते माझ्या हातावर ठेवलं. बोटानं फिरवलं तर अडखळत फिरत होतं. आतल्या कड्याला खड्डे पडले होते. ते मी घरी आणलं.

लेक मात्र तोवर जावयांबरोबर भाड्याच्या गाडीनं येऊन पोचली होती. कुबस झालं. हिरव्या बांगड्या, हिरवं पातळ, ओटी, सगळं दोन्हीकडच्या रीतीनं. पंगत उठल्यावर अव्वा परसात पान खात बसल्या होत्या. मी ते बेअरिंग घेऊन त्यांच्याजवळ गेलो. सौ.ला मध्ये घेतलं नाही. माझी कानडी मोडकी आहे, तरी त्यांच्याच भाषेत म्हटलं, "तप्पात री, अव्वा." चुकलं माझं.

त्यांनी बेअरिंग हातात घेतलं, फिरवून बघितलं, खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. "टाकी लावायला नेलं नाही वेळेवर," त्या म्हणाल्या, चक्क मराठीत. मग बेअरिंग माझ्या हातात परत दिलं. "इरली बिड्री." जाऊ द्या.

लेकीला मुलगी झाली. बारशाला आमच्या घरातला जुना सागवानी पाळणा माळ्यावरून काढला, पुसला, कड्यांना टांगला. परवा दुपारी मी झोका देत पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून अव्वांचा आवाज आला, "तोट्टिल सप्पळ माडाकत्तैती."

मला काही ऐकू येत नव्हतं. मी झोका थांबवला नाही. विचारलं, "कधी येतो अव्वा? जाताना की येताना?"

त्या दारापर्यंत आल्या, दोन झोके ऐकले. "येताना. डाव्या कडीला."

मी उठून डाव्या कडीला दोन थेंब तेल सोडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी आणखी दोन झोके ऐकले आणि हात वर केला.